फ्लटरची नोकरी धरू की जावा शिकू? डार्टचं भवितव्य आणि तुमची पुढची दोन वर्षं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही गंगाखेडचे, यंदा बीएस्सी संगणकशास्त्र झालं. छत्रपती संभाजीनगरातली पंधरा-वीस जणांची एक कंपनी तुम्हाला घ्यायला तयार आहे, पण काम फ्लटरवर (मोबाइलची अ‍ॅप्स बनवायचं गूगलचं साधन), म्हणजे डार्ट भाषेत. सहा महिने शिकाऊ म्हणून आठ हजार, नंतर पगार आणि दोन वर्षांचा बाँड. पुण्यातला मित्र म्हणतो, गूगल डार्ट कधीही बंद करेल, त्यापेक्षा वर्षभर क्लास लाव आणि जावा शीक. घरी चार एकर कोरडवाहू आहे आणि क्लासची फी उसनवारी करून भरावी लागणार. शेवटी विचारलंत, "ताई, जी भाषा पाच वर्षांनी राहील की नाही याचीच खात्री नाही, ती शिकण्यात वेळ घालवावा का?"

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, डार्ट टिकेल का. दुसरा, डार्ट नाही टिकली तर माझं काय होईल. तुम्ही काळजी पहिल्याची करताय, आणि उत्तर मात्र दुसऱ्याचं शोधायला हवं. मी सत्तावीस वर्षं या धंद्यात आहे, एक भाषा माझ्या हातातच संपली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

१९९८ साली मी लातूरच्या एका क्लासमध्ये फॉक्सप्रो २.६ शिकले, नोंदी साठवून हिशोब काढायची भाषा. विंडोजच्या आधीच्या डॉसवरची काळी स्क्रीन. पहिलं काम मिळालं मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं. शेतकऱ्याचा माल उतरला की कट्टे मोजायचे, काट्यावरचं वजन टाकायचं, सौद्याचा भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हिशोबाची पट्टी काढून शेतकऱ्याच्या हातात द्यायची. एवढंच काम, पण सोयाबीनच्या हंगामात दिवसाला तीन-तीनशे पट्ट्या निघायच्या. तेव्हा लोडशेडिंग होतं. नोंद चालू असताना लाइट गेली की नोंदी शोधायची इंडेक्सची फाइल बिघडायची. लाइट आली की दुकानातून फोन: "ताई, पट्टी निघंना झालीय, शेतकरी दारात बसलेत." मग मी मुनीमजींना फोनवरून एकेक अक्षर सांगून "रीइंडेक्स" टाइप करून घ्यायची. पुढे त्यांना ते पाठच झालं.

२००३ च्या सुमारास मी व्हिज्युअल फॉक्सप्रोवर, म्हणजे त्याच भाषेच्या विंडोजवरच्या अवतारावर आले. लातूर, उदगीर, अहमदपूर मिळून वीस-बावीस दुकानं माझ्याकडे होती. २००४ च्या डिसेंबरात व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ आलं, आणि २००७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की दहावी आवृत्ती येणार नाही. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी यार्डात गेले तर सगळ्या दुकानांत पट्ट्या नेहमीसारख्याच निघत होत्या. दुसऱ्या दिवशी तसंच, पुढच्या वर्षीही तसंच. मायक्रोसॉफ्टचा आधार अधिकृतपणे संपला २०१५ च्या जानेवारीत, म्हणजे घोषणेनंतर जवळजवळ आठ वर्षांनी. आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोत बनवलेला प्रोग्राम आजच्या विंडोजवरही उघडतो.

भाषा मरते ती अशी. आवाज होत नाही. आधी नवी पोरं ती शिकायची थांबतात, मग तिच्यात नवी कामं येत नाहीत, मग जुनी कामं राहतात आणि ती करणारी माणसं म्हातारी होतात. तुमच्या मित्राच्या मनात आहे तसं एका सकाळी सगळं बंद, हे क्वचितच होतं. (क्वचित म्हटलंय, कधीच नाही असं नाही. त्यावर खाली येते.)

मला फटका कुठं बसला ते आता सांगते, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. दोन दुकानं अजून डॉसच्या प्रोग्रामवर होती. २०११-१२ मध्ये त्यांनी नवे संगणक घेतले, त्यावर ६४ बिटांचं विंडोज, आणि त्यावर डॉसचे जुने प्रोग्राम चालतच नाहीत. ते दुखणं मी आठ दिवसांत निस्तरलं. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. व्हॅटच्या काळात व्यापाऱ्याचा टिन नंबर अकरा आकडे आणि शेवटी व्ही, असा बारा जागांचा होता. जीएसटीचा नंबर पंधरा जागांचा. माझ्या पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या यादीत, तो रकाना बारा जागांचाच होता. तो पंधराचा केला, मग प्रत्येक फॉर्म, प्रत्येक रिपोर्ट, बिलाचा प्रत्येक कॉलम तीन जागांनी सरकवला. जूनचा अख्खा शेवटचा आठवडा त्यात गेला, पण फॉक्सप्रोनं काम दिलं. भाषा म्हणून ती तिथंही अडली नाही.

अडले मी. आडत्यांची मुलं धंद्यात आली आणि विचारायला लागली, पट्टी शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाईल का? घरून हिशोब दिसेल का? लातूर आणि उदगीरच्या दोन दुकानांचं खातं एकत्र बघता येईल का? यातलं काहीच मला येत नव्हतं. सर्व्हर म्हणजे काय, नेटवर्कवरून डेटा कसा जातो, दोघांनी एकाच वेळी नोंद केली तर काय होतं, हे मी कधी शिकलेच नव्हते. २००७ ते २०१६ अशी नऊ वर्षं मी एकाच खोलीत काढली, कारण खोलीत काम होतं आणि पैसे येत होते. मुलांची ही मागणी सुरू झाल्यावर दोन वर्षांत माझी सात दुकानं गेली. फॉक्सप्रो शिकले याचा मला आजही पश्चात्ताप नाही, त्यावर माझं घर उभं राहिलं. चूक झाली ती फॉक्सप्रोच्या शेजारी नऊ वर्षं दुसरं काहीच लावलं नाही ही.

आता त्या जुन्या शिदोरीतलं पुढे काय कामाला आलं ते बघा. फॉक्सप्रोत एसक्यूएलचं, म्हणजे साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारायच्या भाषेचं, सिलेक्ट होतं. मायएसक्यूएल या डेटाबेसवर आले तेव्हा ते जवळपास तसंच्या तसं चाललं. एसक्यूएलचा उगम १९७० च्या दशकातला, १९८६ साली तिचं अमेरिकी मानक झालं, आणि आजही ती जिथं तिथं आहे. आडतीचा हिशोब मला पाठ होता, तो कुठल्याच भाषेचा नसतो. आणि तिसरी एक गोष्ट आली जिची मी अपेक्षाच केली नव्हती. शेतकऱ्यांची आणि गावांची नावं जुन्या मराठी फाँटात भरलेली होती. त्या फाँटांत अक्षर जसं दिसतं तसं साठवलेलं असतं. "निलंगा" लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग न. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये न आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं. "अर्धापूर"मधला रफार जुन्या फाँटात ध च्या नंतर यायचा, युनिकोडमध्ये तो र् होऊन ध च्या आधी येतो. चाळीस हजार नावं वळवायला मी स्वतः तक्ता करून प्रोग्राम लिहिला, महिना गेला. पुढे फ्लटरमध्ये पट्टीची पीडीएफ काढताना जोडाक्षरं फुटायला लागली, तेव्हा नेमकं काय बिघडतंय हे मला दोन तासांत कळलं. अक्षरं आत कशी साठवलेली असतात आणि पडद्यावर कशी जुळवली जातात हे हाताला माहीत होतं म्हणून.

आणि काय वाया गेलं? फॉर्म बनवायच्या खुब्या, रिपोर्ट डिझायनरमधली सफाई, सेटच्या शंभर आज्ञा. दहा वर्षांत घटवलेलं ते सगळं गेलं. तुमचंही यातलं काही जाणार आहे, ते आधीच धरून चला.

आता डार्टकडे येऊ. तुमच्या मित्राची भीती निराधार नाही. गूगलनं लोकांच्या वापरातल्या गोष्टी बंद केल्यात. बातम्या वाचायचं रीडर २०१३ मध्ये, फेसबुकसारखं प्लस २०१९ मध्ये. वेबसाइट बनवायच्या अँग्युलरजेएसवर कितीतरी लोकांनी पोट भरलं, त्याचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. त्याच नावाची नवी आवृत्ती २०१६ मध्ये आली होती, पण ती इतकी वेगळी की जुना कोड पुन्हा लिहावा लागला. २०२४ च्या एप्रिल अखेरीस गूगलनं फ्लटर आणि डार्टच्या टीममधल्या काही माणसांना काढलं, हेही खरं. मित्रानं बहुधा तीच बातमी ऐकली असेल.

पण डार्टची गोष्ट मुळापासून ऐका. २०११ च्या ऑक्टोबरात गूगलनं ती आणली ती ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टची जागा घ्यायला. बाकी ब्राउझरवाल्यांनी तिला दारात उभं केलं नाही. २०१५ च्या मार्चमध्ये गूगलनं क्रोममध्ये ती थेट चालवायचा विचारच सोडून दिला. तेव्हा जाणत्या माणसांनी डार्ट मेली असं सरळ म्हटलं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं वाटावं असं काही समोर नव्हतंही. मग २०१८ च्या डिसेंबरात फ्लटर १.० आलं आणि तीच भाषा वेगळ्या कामासाठी परत उभी राहिली. आज तुमच्या खिशातलं गूगल पे फ्लटरमध्ये आहे. उबुंटूच्या डेस्कटॉपचा इन्स्टॉलर फ्लटरमध्ये आहे, टोयोटानं ते गाडीतल्या पडद्यासाठी घेतलंय. मी हे डार्टची बाजू घेऊन सांगत नाही. भाषेचं भवितव्य सांगणारी माणसं दोन्ही बाजूंनी चुकतात, आणि अशा अंदाजावर उसनवारी करू नये, यासाठी सांगतेय.

भवितव्य सांगता येत नसलं तरी, भाषा पडली तर किती जोरात पडेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. त्यासाठी मी एक गोष्ट बघते: बंद करण्याचं बटन कोणाच्या हातात आहे. ब्राउझरमध्ये खेळ आणि चलचित्रं चालवणाऱ्या फ्लॅशचं बघा. २०१७ च्या जुलैमध्ये अ‍ॅडोबीनं सांगितलं की २०२० च्या शेवटी फ्लॅश संपणार, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरनं खरोखरच चालायला नकार दिला. ब्राउझरवाल्यांनीही ते काढून टाकलं. तिथं बटन दुसऱ्याच्या हातात होतं, म्हणून फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट भाषेत लिहिणाऱ्यांचं साचलेलं काम एकदम बंद पडलं. फॉक्सप्रोचं बटन ज्याच्या त्याच्या संगणकावर होतं, म्हणून ते अजून रेंगाळतंय. पण फॉक्सप्रोचा आतला कोड मायक्रोसॉफ्टनं खुला केला नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या फॉक्सप्रोवाल्यांनी २००७ मध्ये मोठी सह्यांची मोहीम काढली, तरी नाही. त्यामुळे बाहेरचं कुणी ते पुढे नेऊ शकलं नाही.

डार्ट आणि फ्लटर दोन्ही खुल्या परवान्याखाली आहेत. गूगलनं हात काढला तरी दुसरे लोक ते चालवू शकतात, परवाना आड येणार नाही. ही मोठी गोष्ट आहे. मात्र मोबाइलचं एक वेगळं दुखणं आहे आणि ते मित्रानं सांगितलेलं दिसत नाही. प्ले स्टोअरचा नियम असा की तुमचं अ‍ॅप नव्या अँड्रॉइडला धरून असलं पाहिजे, आणि ती पातळी दरवर्षी वर सरकते. २०२५ च्या ऑगस्ट अखेरपासून नवी अ‍ॅप्स आणि अपडेट अँड्रॉइड १५ च्या पातळीचे लागतात. म्हणजे फ्लटरला दरवर्षी कुणीतरी नांगरणी-वखरणी करत राहावंच लागणार. ज्या दिवशी ती थांबेल त्यानंतर वर्ष-दीड वर्षात फ्लटरमध्ये नवं अ‍ॅप टाकणं अवघड होईल. फॉक्सप्रोसारखी पंधरा वर्षं ते पडून राहू शकत नाही. यासाठी बातम्यांपेक्षा फ्लटरच्या नव्या आवृत्त्या वर्षात किती वेळा येताहेत, नव्या अँड्रॉइडला आणि आयफोनला धरून वेळेवर येताहेत का, हे बघा. सध्या त्या येताहेत.

मी २०२० पासून फ्लटरवर काम करते. आडतीची पट्टी शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाते आणि यार्डात छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवरही निघते. मला गूगलपेक्षा जास्त त्रास दिलाय तो पॅकेजांनी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडनं. २०२१ च्या मार्चमध्ये डार्ट २.१२ आली, तिच्यात नल सेफ्टी (रिकामी किंमत कुठं चालेल ते आधीच सांगायची शिस्त) आली, आणि २०२३ च्या मे महिन्यात डार्ट ३ आली तेव्हा ती सक्तीची झाली. मी प्रिंटरसाठी जे पॅकेज वापरत होते ते लिहिणाऱ्यानं मधल्या दोन वर्षांत त्याला हातच लावला नव्हता. शेवटी त्याचा कोड उतरवून घेतला, ओळ न ओळ वाचली आणि स्वतः दुरुस्त केला. चार दिवस गेले, पण प्रिंटरला नेमके कोणते बाइट पाठवायचे ते त्या चार दिवसांत कळलं. त्या प्रिंटरला देवनागरी येत नाही, म्हणून अख्खी पट्टी आधी चित्र म्हणून काढून तेच चित्र पाठवते. हे मी उद्या अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेतही करू शकेन, जावातही.

तुम्हाला हेच करायचंय. भाषा डार्ट असली तरी शिकायचं ते असं शिका की दुसरीकडे नेता येईल. आणि डार्ट याबाबत बरी आहे. तिचं व्याकरण जावा आणि जावास्क्रिप्टच्या वळणाचं आहे. तिच्यातलं असिंक-अवेट (लांबणाऱ्या कामाची वाट बघताना बाकीचं चालू ठेवायची सोय) सी-शार्पमध्ये २०१२ पासून आहे, पायथनमध्ये २०१५ पासून, नंतर जावास्क्रिप्टमध्येही आलं. नल सेफ्टी समजली की कोटलिन आणि आयफोनची स्विफ्ट वाचताना अडखळायला होत नाही. पडदा कसा दिसायला हवा ते डेटावरून सांगायचं आणि डेटा बदलला की पडदा आपोआप बदलू द्यायचा, ही फ्लटरची पद्धत आधी रिअ‍ॅक्टनं रुळवली, पुढे ॲपलच्या स्विफ्टयूआयनं आणि अँड्रॉइडच्या कंपोजनंही तीच धरली. दुसरीकडे विजेटांची, म्हणजे पडद्यावरच्या तुकड्यांची नावं, त्यांच्या पॅडिंगच्या खाचाखोचा, अमुक एक स्टेट मॅनेजमेंटचं पॅकेज, हे सगळं डार्टबरोबर जाईल. त्यात रमू नका, कामापुरतं शिका.

आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर लावतात, चार ओळींना दोन ओळी. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत निघतं आणि दसरा-दिवाळीला हातात पैसा देतं. तूर हळू वाढते, सोयाबीन निघाल्यावर तिला मोकळी जागा मिळते आणि ती डिसेंबर-जानेवारीत येते. एक गेलं तर दुसऱ्यावर निभावतं. तुमच्या परिस्थितीत मी नेमकं असंच करेन. फ्लटर हे सोयाबीन. त्यावर सहा महिन्यांत पगार सुरू होतो, घरी पैसे जातात. आणि त्याच्या मधे पहिल्या दिवसापासून तूर लावायची: एसक्यूएल नीट, एचटीटीपी आणि एपीआय (अ‍ॅप आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते) नीट, गिट (कोडच्या बदलांची नोंदवही) नीट, आणि दुसऱ्या वर्षी सर्व्हरच्या बाजूची एक भाषा. ती जावा असेल तर मित्राचाही मान राहील. रोज तासभर पुरे. फक्त पगार सुरू झाला म्हणून तो तास सोडू नका. मी तोच सोडला होता.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे ती कंपनी. फ्लटर चांगलं असून कंपनी वाईट असेल तर माझा सल्ला उलटा होईल. भेटायला जाल तेव्हा विचारा की कंपनीची किती अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर आहेत आणि नावं काय. घरी येऊन ती उतरवून बघा. शेवटचं अपडेट कधीचं, लोकांनी काय लिहिलंय. तुम्ही लिहिलेला कोड कुणी वाचणार आहे का, हे विचारा. शिकाऊ पोराला सगळ्यात जास्त शिकवतं ते हेच, कुणीतरी आपला कोड वाचून परत पाठवणं. सर्व्हरचा भाग कोण लिहितं तेही विचारा. तोही त्याच ऑफिसात लिहिला जात असेल तर तुमची तूर तिथंच उगवेल. बाहेरून तयार येत असेल आणि तुम्ही नुसते पडदे रंगवणार असाल, तर दोन वर्षांनी तुमच्या हातात फार काही उरणार नाही.

बाँडचा कागद घरी आणून शांतपणे वाचा. मुदत कधीपासून मोजणार, शिकाऊ सहा महिने त्यात धरले आहेत की त्यानंतर दोन वर्षं, मध्ये सोडलं तर किती रक्कम, हे आकड्यात लिहिलेलं असावं. ओळखीचा वकील असेल तर त्याला दाखवा. मूळ गुणपत्रिका आणि पदवीचं प्रमाणपत्र मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका, बघून झेरॉक्स घ्या म्हणावं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं मूळ कागद दिले होते. ते परत मिळवताना तिचं दुसरीकडचं काम हातचं गेलं. हा मुद्दा भाषेचा नाही, पण कुठली भाषा धरायची यापेक्षा तुमच्यासाठी मोठा आहे.

सही करण्याआधी पंधरा दिवस हाताशी असतील तर एक करा. पेरणीआधी आपण घरच्या सोयाबीनची उगवण बघतो ना, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून. सत्तर उगवले तर बियाणं चालतं. तसंच डार्टचं करून बघा. एक छोटं अ‍ॅप लिहा. वडिलांच्या शेताचा खर्चच घ्या: बियाणं, खत, फवारणी, मजुरी, तारखेनं नोंद आणि शेवटी एकरी खर्च. डेटा फोनमध्येच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा. विजेट सुंदर दिसण्याची फिकीर करू नका. नोंद चुकली तर दुरुस्त करता यावी, फोन बंद होऊन चालू झाला तरी डेटा जागेवर असावा, मराठी नावं नीट दिसावीत, एवढंच बघा. पंधराव्या दिवशी ते वडिलांच्या हातात द्या आणि ते कुठं अडतात ते शेजारी बसून बघा. दोन गोष्टी कळतील. डार्ट तुमच्या हाताला बसतेय का, आणि हे काम तुम्हाला मुळात आवडतं का. दुसऱ्याचं उत्तर नाही आलं तर जावाही उपयोगाची नाही, आणि ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

मित्राचं कधी ऐकावं तेही सांगते. घरात वर्षभर पगाराविना थांबण्याइतकी सोय असेल, पुण्या-मुंबईतल्या बँकांच्या किंवा विम्याच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतच जायचं नक्की असेल, तर जावा सरळ रस्ता आहे. १९९५ पासून ती चालू आहे आणि तिच्यात लिहिलेलं इतकं काम जगभर पडलंय की तुमच्या निवृत्तीपर्यंत ते संपायचं नाही. कोबोल १९५९-६० ची, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरना बेकारभत्त्याची जुनी यंत्रणा चालवायला कोबोल येणारी माणसं हवीत म्हणून जाहीर हाक द्यावी लागली होती. मोठ्या कामातली भाषा अशी चिवट असते. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तशी वर्षाची सोय तुमच्याकडे नाही. उसन्या पैशावर क्लास, वर्षअखेर नोकरीची खात्री नाही, आणि समोर आलेलं काम सोडलेलं, हा जुगार डार्टच्या जुगारापेक्षा मोठा आहे.

तुम्ही ओझरतं विचारलंत की आता एआयच कोड लिहितं तर भाषा शिकायची कशाला. मी ते रोज वापरते. गेल्या वर्षी एका दुकानाचा जुना फॉक्सप्रो कोड वळवताना त्यानं माझे दिवस वाचवले. पण हमालीची रक्कम पूर्णांकात आणायची ती कुठल्या पायरीवर, हे त्यानं चुकीचं धरलं आणि पट्टीमागं काही पैशांचा फरक यायला लागला. तीनशे पट्ट्यांना तो दिसतो, आणि मुनीमजींच्या नजरेतून सुटत नाही. मला तो सापडला कारण मला ती ओळ वाचता आली. ओळ वाचता येण्याइतकी भाषा आली पाहिजे, ती कुठलीही असो.

राहिला तुमचा आणखी एक प्रश्न, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर भागेल का. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला इम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) त्यावर सुरळीत चालणार नाहीत, एकट्या स्टुडिओलाच किमान आठ जीबी लागते, इम्युलेटर धरला तर त्याहून जास्त. नवा लॅपटॉप घ्यायची घाई करू नका. व्हीएस कोड वापरा, इम्युलेटर उघडूच नका, स्वतःचा फोन यूएसबी केबलनं जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथं यूएसबी डिबगिंग चालू करा. पहिल्यांदा बिल्ड व्हायला बराच वेळ लागेल, तेव्हा ब्राउझर बंद ठेवा. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅमचा मोकळा स्लॉट असतो पुष्कळदा. मागचं झाकण उघडून बघा, असेल तर चार जीबीची एक पट्टी टाकून घेतली की पंधरा दिवसांचं काम आरामात होईल. शेतखर्चाचं अ‍ॅप झालं की इथंच कळवा. कोड टाकलात तर मी वाचून सांगेन.